मुलं असताना घटस्फोटाचा अर्ज: आधी 'पालकवर्ग' करावा लागतो का? नाशिककरांचे वारंवार येणारे प्रश्न

मी लग्नाच्या वादांत मध्यस्थी करते. दोन सहकाऱ्यांसोबत नाशिकमध्ये महिन्यातून एका शनिवारी वेगळ्या होणाऱ्या आईवडिलांसाठी वर्गही घेते. वर्ग ऐच्छिक आहे आणि फुकट आहे. मध्यंतरी 'घटस्फोटाआधी कोर्स कंपल्सरी' असा एक मेसेज फिरला आणि फोन थांबेनात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदा लिहून काढलं. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिलाय.

१. घटस्फोटाचा अर्ज टाकण्याआधी आईवडिलांनी कोर्स करणं सक्तीचं झालंय म्हणे. खरं का?

नाही. भारतात असा कायदा नाही, त्यामुळे नाशिकमध्येही नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, विशेष विवाह कायदा १९५४ चा, कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. तिन्हींत 'आधी वर्ग करा, मग या' अशी अट कुठेच नाही. कोर्सचं सर्टिफिकेट नाही म्हणून तुमचा अर्ज कोणी परत करू शकत नाही. कुणी त्या नावाखाली पैसे मागत असेल तर देऊ नका.

अर्ज दाखल झाल्यावर मात्र समुपदेशकाकडे जावं लागतं. ती वेगळी गोष्ट आहे, प्रश्न ४ पाहा.

२. मग हा कोर्स आहे तरी कुठे? अमेरिकेतला म्हणतात.

अमेरिकेत आहे, पण राज्याराज्यांत वेगळा. फ्लोरिडात किमान चार तासांचा वर्ग असतो. अर्ज करणाऱ्याने अर्जानंतर ४५ दिवसांत तो करायचा, समोरच्याने नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत. म्हणजे तिथेही अर्ज आधी आणि वर्ग नंतर.

'वर्ग आधी, अर्ज नंतर' हे ठळकपणे दिसतं ते सिंगापूरमध्ये. तिथे डिसेंबर २०१६ पासून हा नियम सुरू झाला. आज २१ वर्षांखालचं मूल असेल तर अर्जाआधी सह-पालकत्वाचा कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. दक्षिण कोरियात २००८ पासून संमतीने वेगळं होणाऱ्यांना आधी मार्गदर्शन घ्यावं लागतं आणि मग थांबावं लागतं: मूल असेल तर तीन महिने, नसेल तर एक. डेन्मार्कने २०१९ मध्ये मुलं असलेल्या जोडप्यांसाठी तीन महिन्यांचा विचारकाळ आणला, सोबत घरी बसून करायचा डिजिटल कोर्स.

ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथे वर्गाऐवजी मुलांच्या प्रश्नावर आधी मध्यस्थाकडे जावं लागतं आणि तसा दाखला लागतो. घरात मारहाण असेल तर दोन्हीकडे त्यातून सूट आहे. हे लक्षात ठेवा, प्रश्न ८ आणि ९ मध्ये याच मुद्द्यावर येणार आहोत.

३. वर्गात शिकवतात काय? संसार कसा टिकवायचा हे?

अजिबात नाही. 'जुळवून घ्या' हे सांगायला मामा, मावशी, सोसायटीतले काका असे पुष्कळ लोक आहेत. वर्गात नवराबायको म्हणून तुमचं काय चुकलं यावर एक शब्दही निघत नाही. तुम्ही वेगळे होणार हे धरूनच सुरुवात होते. पोराचे आईबाप म्हणून पुढची दहा-पंधरा वर्षं कसं वागायचं, एवढाच विषय.

सुरुवातीला आम्ही एक कोरा कागद देतो. मुलाच्या बुटाचा नंबर, वर्गशिक्षिकेचं नाव, सध्याचा सगळ्यात जवळचा मित्र, झोपताना काय लागतं, कशाची भीती वाटते. एवढं लिहायचं. मागे एका बाबांनी बुटाचा नंबर लिहायला घेतला आणि पेन तिथेच अडकलं. शेजारच्या आईने सगळं भराभर लिहिलं, पण मित्राचं नाव लिहिलं ते दोन वर्षांपूर्वीचं. नवा मित्र बाबांना माहीत होता, कारण रोज शाळेत सोडायला तेच जायचे. त्या कागदानंतर खोलीतला आवाज जरा खाली येतो.

मग मेसेज. लोकांनी आपल्या फोनमधले खरे मेसेज काढायचे, वाचायचे आणि पुन्हा लिहायचे. एका आईने मुलाला सांगितलेलं वाक्य असं होतं: "तुझ्या बापाला विचार, फीचे पैसे कधी टाकणार. बाकी उधळायला बरे असतात त्याच्याकडे." अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर तेच वाक्य थेट वडिलांना गेलं: "दुसऱ्या सहामाहीची फी १५ तारखेपर्यंत भरायची आहे. ठरल्याप्रमाणे अर्धी तुझ्याकडे. पावती पाठवते." यात राग गेला असं नाही. पोरगं मधून निघालं, एवढंच.

उरलेला वेळ जातो तो मुलाला ही गोष्ट कशी सांगायची यात (शक्यतो दोघांनी एकत्र, थोडक्यात, कुणाची चूक ते न सांगता), मुलाच्या वयानुसार त्याला काय कळतं यात, आणि भेटींचा तक्ता करण्यात. तक्त्याबद्दल प्रश्न १४.

४. कोर्टात समुपदेशक असतातच की. वर्ग वेगळा कसा?

कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम ९ म्हणतं की न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा. म्हणून नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल झाला की तुम्हाला विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे तुमचं प्रकरण, तुमची भांडणं, तुमच्या अटी यावर बोलणं होतं. नांदायला जाणार का, नाही तर पोटगी किती, मुलं कोणाकडे. मध्यस्थीतही हेच, फक्त जास्त मोकळेपणाने, आणि शेवटी लेखी तडजोड होऊ शकते.

वर्गात कोणाच्याच प्रकरणाची चर्चा नसते. दहा-बारा अनोळखी आईबाप एकत्र बसतात आणि मुलांविषयी शिकतात. तडजोड करायची नसते, सही करायची नसते. खरं सांगायचं तर म्हणूनच माणसं तिथे ऐकतात. समुपदेशकासमोर प्रत्येकजण वकिलाने पढवलेलं बोलत असतो.

वर्ग केला म्हणून समुपदेशन चुकत नाही, आणि समुपदेशन झालं म्हणून वर्ग निरुपयोगी ठरत नाही.

५. समुपदेशकासमोर बोललेलं पुढे माझ्यावरच उलटेल का?

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांनुसार समुपदेशकाला तिथे ऐकलेल्या गोष्टींबद्दल साक्ष द्यायला बोलावता येत नाही. मध्यस्थीतलं बोलणंही गोपनीय असतं. आमच्या वर्गात तर नोंदच ठेवत नाही. तरीही एक सल्ला: फोन बाहेर ठेवा. समोरच्याचं चोरून रेकॉर्डिंग करून कोणाचं भलं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

६. आमची दोघांची संमती आहे. तसेही सहा महिने थांबायचंच, वर हा कोर्स कशाला?

आधी कायदा पाहू. संमतीच्या घटस्फोटासाठी (हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब) किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिला अर्ज झाल्यावर दुसऱ्या प्रस्तावासाठी (म्हणजे दोघांनी न्यायालयाकडे पुन्हा घटस्फोट मागण्यासाठी) सहा महिने थांबायचं, आणि तो अठरा महिन्यांच्या आत मांडायचा. ही सहा महिन्यांची अट माफ होऊ शकते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं. पण त्याला अटी आहेत. मुलांचा ताबा आणि पोटगी यांचा प्रश्न खरोखर मिटलेला असणं ही त्यातली एक.

आता कोर्सचं. संमतीवाल्यांना त्याची गरज कमी असते असं मलाही आधी वाटायचं. आता वाटत नाही. संमती असते ती घटस्फोटाला. मुलांविषयी कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींत, एकच ओळ असते: 'वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील.' वाजवी म्हणजे किती? दर रविवारी की दिवाळीला एकदा? पुढच्या भांडणाचं बी त्या एका शब्दात असतं. ते सहा महिने नाहीतरी मोकळेच जातात, तेवढ्यात तक्ता बसवून घ्या.

७. लग्नाला आठच महिने झालेत आणि मी गरोदर आहे. आत्ता अर्ज करता येईल?

साधारणपणे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १४ नुसार लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अपवादात्मक त्रास किंवा अपवादात्मक नीचपणा असेल तर न्यायालयाची परवानगी मागता येते. पण पोटगी किंवा संरक्षण मागायला वर्ष थांबावं लागत नाही.

८. नवरा मारतो. मलाही त्याच्याशेजारी वर्गाला बसावं लागेल?

नाही. आज सक्ती नाहीच, आणि उद्या झाली तरी तुमच्यासारख्यांना सूट नसेल तर तो कायदा वाईट ठरेल.

तुमच्यासाठी पहिला दरवाजा घटस्फोटाचा नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आहे. त्यात संरक्षणाचा आदेश (कलम १८), घरात राहण्याचा आदेश (कलम १९) आणि मुलांचा तात्पुरता ताबा (कलम २१) मागता येतो. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत ठेवायची असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात थोडं पुढे सरकतं, तरी घटस्फोटाच्या दाव्यापेक्षा हा रस्ता जलद आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊ शकता, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करू शकता, अंगावर येऊन पडलं तर ११२.

आम्ही वर्गासाठी नाव घेताना प्रत्येकाला एकट्याला गाठून एकच प्रश्न विचारतो: "त्यांच्यासोबत एका खोलीत बसायची भीती वाटते का?" उत्तरात जराशीही चाचरणी आली की दोघांना वेगवेगळ्या महिन्यांत बोलावतो. एकदा हा प्रश्न आम्ही नवऱ्यासमोर विचारला होता. बाई "नाही" म्हणाली आणि पूर्ण वर्गभर मान खाली घालून बसली. चूक आमचीच होती.

९. तुमचं स्वतःचं मत काय? अर्जाआधी सक्ती व्हावी का?

वर्ग सक्तीचा व्हावा. पण अर्जाआधी नको, अर्जानंतर महिन्या-दीडमहिन्यात व्हावा. लोकांना हा बारीक फरक वाटतो. माझ्या दृष्टीने सगळा खेळ त्यातच आहे.

'आधी' म्हटलं की भार एकट्या अर्जदारावर पडतो. समोरच्याला अजून नोटीसच नाही, तो कशाला येईल? मग अर्जदाराने वर्गाची तारीख शोधायची, सुट्टी काढायची, येवल्याहून एसटीने यायचं आणि तोवर कोर्टाचं दार बंद. घरातून बाहेर काढलेल्या बाईला अंतरिम पोटगी हवी असते, तिचा अर्जच अडतो. पैसेवाला घरबसल्या ऑनलाइन कोर्स करून दुसऱ्या दिवशी दाखल करेल, हातावर पोट असलेली लायनीत राहील. अर्जानंतर वर्ग ठेवला तर दोघांनाही एकच आदेश जातो, वेळ एकच, आणि तातडीचं मागणं थांबत नाही.

'आधी'च्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला खरंच पटतो. अर्जात एकमेकांवर जे आरोप लिहिले जातात, ते एकदा कागदावर आले की परत फिरता येत नाही. 'ती चारित्र्यहीन आहे', 'तो दारुडा आहे'. वर्षभराने पोरगं मोठं होतं आणि कागद घरात सापडतात. अर्ज लिहिण्याआधी कुणी दोन तास बसवलं असतं तर निम्मी वाक्यं आलीच नसती. म्हणून वकील मंडळींना माझी विनंती असते, मसुदा करण्याआधी पक्षकाराला आमच्याकडे पाठवा. सक्ती नको, सांगणं पुरे.

कायद्यात 'आधी'ची अट अगदीच नवी नाही, हेही सांगते. व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ नुसार दाव्याआधी मध्यस्थी करावी लागते, आणि ती सक्तीची आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात स्पष्ट केलं. पण त्यातही तातडीचा दिलासा मागणाऱ्याला सूट आहे. पैशाच्या दाव्यात एवढी समज दाखवली, तर घरच्या दाव्यात त्याहून कमी चालणार नाही.

१०. वर्गाचा खरंच उपयोग होतो, की सर्टिफिकेटपुरताच?

कोणता वर्ग, त्यावर आहे. खुर्चीत बसवून दोन तास व्याख्यान दिलं तर माणूस घरी जाईपर्यंत विसरतो. सराव करून घेतला तर टिकतं. याचं सगळ्यात भक्कम उदाहरण अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या 'न्यू बिगिनिंग्ज' कार्यक्रमाचं. त्यात घटस्फोटित आईंसाठी अकरा गटबैठका आणि दोन वैयक्तिक बैठका होत्या, मुलं नऊ ते बाराची. कार्यक्रम केलेल्या आणि न केलेल्या कुटुंबांची तुलना पुढे सहा वर्षांनी आणि पंधरा वर्षांनीही झाली. कार्यक्रम केलेल्यांच्या मुलांमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण कमी आढळलं.

अकरा बैठका कुठे आणि आमचा एक शनिवार कुठे! मी तुलना करत नाही. पण म्हणूनच आम्ही बोलणं कमी आणि कागद-पेन जास्त ठेवलंय.

११. मी यायला तयार आहे, समोरचा नाही म्हणतो. एकट्याने येऊन काय उपयोग?

या. तक्रार मुलाच्या तोंडून पाठवणं एकाने थांबवलं तरी मुलाच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरतं. आमच्याकडे येणाऱ्यांत एकेकटे येणारेच जास्त असतात. फक्त वर्गाहून गेल्यावर 'मी तरी गेलो/गेले, तू गेलास का?' हे सुरू करू नका.

१२. वर्गाचं सर्टिफिकेट दाखवलं तर ताबा मला मिळेल का?

नाही, आणि म्हणूनच आम्ही सर्टिफिकेट देत नाही. मागूनही मिळालं नाही की लोक रागावतात, चालायचंच.

ताब्यात एकच कसोटी आहे, मुलाचं हित. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम १३ मध्ये ती सर्वोपरि मानलीय. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं कलम ६ म्हणतं. यातला 'साधारणपणे' हा शब्द महत्त्वाचा. आई आहे म्हणून आपोआप नाही, आणि बाप कमावतो म्हणूनही नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची आणि पालकत्वाच्या आराखड्याची शिफारस केली, पण तसा कायदा झालेला नाही. आज न्यायालयं ते प्रकरणागणिक करतात.

१३. मुलगी बारा वर्षांची आहे. न्यायाधीश तिला विचारतील का? तिला काय सांगून ठेवू?

विचारू शकतात. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम १७ नुसार मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर ती विचारात घेता येते. वयाचा ठरीव आकडा नाही. पसंती विचारात घेतात, हुकूम म्हणून पाळत नाहीत.

काय सांगून ठेवू, याचं उत्तर: काही नाही. पढवलेलं मूल न्यायाधीशांना दोन मिनिटांत कळतं. 'वडील माझ्या भावनिक विकासात अडथळा आहेत' असं बारा वर्षांची मुलगी आपणहून बोलत नाही. तिला इतकंच सांगा की खरं बोल, आणि काहीही बोललीस तरी घरी कोणी रागावणार नाही. मग ते खरं करून दाखवा.

१४. भेटींचा तक्ता म्हणजे नेमकं काय लिहायचं?

इथे मी जरा लांबते, कारण पुढची निम्मी भांडणं या कागदावर अडतात.

वार, वेळ, जागा, आणि कोण सोडणार व कोण घ्यायला येणार. 'शनिवारी' नाही, 'पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६'. जागा अशी निवडा की तिथे दोन्हीकडचे नातेवाईक उभे राहून तमाशा करणार नाहीत. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकचं गेट चालतं, शाळेचं गेट चालतं. पोलीस स्टेशन शक्यतो नको. पोराला ते आयुष्यभर आठवतं.

मग नोकरीचा विचार. सातपूर किंवा अंबडला शिफ्टमध्ये काम असेल तर 'प्रत्येक रविवार' हे वचन पहिल्याच महिन्यात मोडतं. नाईट संपवून सकाळी आठला घरी आलेला बाप दहाला पोराला घेऊन काय करणार? झोपणार. शिफ्टचा चार्ट आला की दोन दिवसांत तारखा कळवायच्या, असं लिहा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांचं वर्ष वेगळं चालतं. ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, या दिवसांत बागेतून हलता येत नाही. अशा एका जोडप्याने भेटी पावसाळ्यात वाढवून घेतल्या आणि फेब्रुवारीत मुलालाच बागेवर पाठवायचं ठरवलं. मुलाला तर तेच हवं होतं.

सणांचं आधीच वाटून घ्या. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. पाडव्याला इकडे असेल तर भाऊबीज तिकडे. गणपती ज्याच्या घरी बसतो त्याच्याकडे, यावर सहसा वाद होत नाही. वाढदिवस अर्धा-अर्धा करू नका. मूल केक कापताना घड्याळाकडे बघत राहतं. वाढदिवस एकाकडे, दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी करावा.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या तारखांना पंचवटी आणि त्र्यंबक रस्त्याच्या बाजूने गाडी जाणार नाही हे धरून चाला. २०१५ ला लोक बाहेरच्या पार्किंगपासून पायी आले होते. 'रस्ता बंद होता' की 'मुद्दाम आणलं नाही', या वादापेक्षा त्या आठवड्याची भेट आधीच पुढे ढकललेली बरी.

दुसरं गाव, दुसरं शहर असेल तर व्हिडिओ कॉलची वेळही लिहा. मूल आईवडील दोघांच्या प्रेमाचं हक्कदार आहे आणि भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलने संपर्क राहावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात म्हटलंय. कॉल मुलाच्या जेवणाच्या वेळी नको, आणि मागे उभं राहून ऐकायचं नाही.

एक बारीक गोष्ट: दोन्ही घरी टूथब्रश, घरातले कपडे आणि कंपासपेटी वेगवेगळी ठेवा. पिशवी भरून पाहुण्यासारखं यायला पोराला आवडत नाही.

१५. पोटगी बंद केलीय. मग मी भेट बंद करू का?

करू नका. आणि उलटही: भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवू नका. दोन्ही मागण्या वेगळ्या आहेत, दोन्ही वेगळ्या वसूल होतात. पोटगीसाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून त्याचा नमुनाच ठरलेला आहे. वसुलीचा अर्ज करा. पोराला तारण ठेवू नका.

१६. आम्ही आजी-आजोबा. सुनेने नातवाला आमच्यापासून तोडलंय. वर्गाला आम्ही यावं का?

वर्ग आईवडिलांचा आहे, तुम्हाला त्यात घेत नाही. रागावू नका, मागे एकदा आजींना बसू दिलं आणि पूर्ण वेळ सुनेच्या माहेरावर गेला. तुमच्या मुलाच्या भेटीच्या वेळेत नातू तुमच्याकडे येतोच. त्या वेळेत त्याच्या आईविषयी एक शब्द काढू नका. तेवढं झालं तरी नातू आपणहून येत राहील. मुलगाच हयात नसेल तर प्रश्न निराळा आहे, तेव्हा वकिलाला भेटा.

१७. आमच्या समाजाच्या पंचायतीत फारकत झाली, स्टॅम्पवर दोघांच्या सह्या आहेत. आता कोर्टात जायची गरज आहे का?

बहुधा आहे. शंभरचा असो की पाचशेचा, नोटरी केलेला फारकतनामा म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. रूढीने होणारी फारकत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये वाचवलेली आहे, हे खरं. पण ती रूढी तुमच्या समाजात जुनी, अखंड आणि सर्वमान्य आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध झालं नाही तर दुसरं लग्न अडचणीत येतं. 'मुलगी आईकडे, मुलगा बापाकडे' असं पंचायतीने वाटून दिलं असेल तर ते न्यायालयावर बंधनकारक नाही.

पंचायतीचं ऐकलं नाही म्हणून वाळीत टाकण्याची धमकी आली तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्याखाली तो गुन्हा आहे.

१८. आमचा निकाह झालाय. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

घटस्फोटाची कारणं आणि पद्धत तुमच्या कायद्याने. मुस्लिम स्त्रीसाठी १९३९ चा विवाह विच्छेद कायदा आहे. पण कौटुंबिक न्यायालय सगळ्या धर्मांसाठी एकच, समुपदेशन सगळ्यांना, आणि पालक-पाल्य कायदाही सगळ्यांना. वर्ग अर्थातच सगळ्यांचा. सणांच्या तक्त्यात दिवाळीच्या जागी ईद लिहा, गणित तेच.

१९. मुलगी-जावई फ्लोरिडात आहेत, लग्न नाशिकला झालं. कोर्स तिकडे करावा लागेल का? की अर्ज इकडे करावा?

तिकडे अर्ज केला तर तिकडचा कोर्स करावाच लागेल. लग्न नाशिकला झालंय, त्यामुळे इथेही अर्ज करता येतो. कुठे करावा हे वकिलाकडून समजून घ्या, पण दोन गोष्टी माहीत असू द्या.

एक, तिकडचा हुकूम इथे आपोआप चालतोच असं नाही. आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर आणि समोरच्याने तिथल्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला नसताना मिळालेला परदेशी घटस्फोट इथे मान्य होत नाही, असं १९९१ च्या नरसिंह राव प्रकरणापासून ठरलेलं आहे. दोन, भांडणाच्या भरात मुलाला घेऊन गुपचूप नाशिकला यायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. मुलांना परदेशी नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. म्हणून लोकांना वाटतं काही होणार नाही. पण इथल्या उच्च न्यायालयात दाद मागून मूल परत पाठवण्याचे आदेश झालेले आहेत, आणि तिकडे फौजदारी प्रकरण होतं ते वेगळंच.

२०. आम्ही मालेगावला राहतो. नाशिकला खेपा घालाव्या लागतील का?

अर्ज कुठे, हे चार गोष्टींवर: लग्न कुठे झालं, समोरचा कुठे राहतो, दोघं शेवटी एकत्र कुठे राहिलात, आणि अर्जदार पत्नी असेल तर ती आज कुठे राहते. मुलाच्या ताब्याचा स्वतंत्र अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयाची हद्द जिथे नाही, तिथे दिवाणी न्यायालयात दावा चालतो. आपल्या पत्त्याला कोणतं लागू ते तालुक्याच्या न्यायालयातच विचारा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हे ठाऊक नसल्यामुळे मंगळसूत्र मोडून फी भरलेल्या बायका मी पाहिल्यात.

२१. वर्गाला येताना काय आणायचं? मुलांना आणू का?

मुलांना आणू नका, शेजारी किंवा आजीकडे ठेवा. कोर्टाचे कागद आणू नका, आम्ही वाचत नाही. मुलाच्या शाळेचं वेळापत्रक, तुमचा शिफ्टचा चार्ट आणि दिवाळीच्या तारखा दिसतील असं एखादं कॅलेंडर आणा. चष्मा लागत असेल तर तोही, लिहायचं बरंच असतं. चहा आमच्याकडे असतो. आणि येण्याआधी मुलाच्या बुटाचा नंबर बघून या.